वसिली पुस्तोवोइत

वसिली स्तेपानोविच पुस्तोवोइत (१४ जानेवारी, १८८६ – ११ ऑक्टोबर, १९७२) हे सोव्हिएत संघातील वनस्पती पैदासशास्त्रज्ञ होते. सूर्यफुलाच्या बियांतील तेलाचे प्रमाण निवड पद्धतीने वाढवण्याच्या कार्यासाठी ते ओळखले जातात. त्यांच्या कामाच्या आरंभी सूर्यफुलाच्या बियांमध्ये वजनाच्या एक तृतीयांशाहूनही कमी तेल असे. त्यांच्या अखेरच्या वाणांत ते ५० टक्क्यांच्या आसपास आणि त्याहून अधिक पोहोचले. सूर्यफूल हे आज जगातील प्रमुख तेलबिया पिकांपैकी एक आहे, त्याचा पाया बऱ्याच अंशी त्यांच्या वाणांनी घातला. १९६९ साली भारतात व्यापारी लागवडीसाठी आणलेल्या सूर्यफुलाच्या वाणांत त्यांच्या 'पेरेदोविक' या वाणाचा समावेश होता.

जन्म आणि शिक्षण

पुस्तोवोइत यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्याच्या खारकोव्ह प्रांतातील तारानोव्का या गावी झाला. हे गाव आता युक्रेनमध्ये आहे. त्यांनी खारकोव्ह येथील कृषी विद्यालयात शिक्षण घेतले व १९०७ मध्ये ते पूर्ण केले. पुढच्याच वर्षी ते उत्तर कॉकेशसमधील कुबान प्रदेशात आले. येकातेरिनोदार (१९२० पासून क्रास्नोदार) या शहरालगत क्रुग्लिक येथे कुबान कझाक सैन्याची कृषी शाळा होती. तेथे ते शिक्षक झाले. शिक्षक आणि संशोधक म्हणून काम सुरू असतानाच त्यांनी उच्च शिक्षण घेतले आणि १९२६ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कुबान कृषी संस्थेची पदवी मिळवली. त्यांचे पुढील बहुतेक संशोधन क्रास्नोदार येथेच झाले.

पार्श्वभूमी

सूर्यफूल मूळचे उत्तर अमेरिकेतील. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांमार्फत ते युरोपात आले आणि दीर्घकाळ बागेतील शोभेचे झाड म्हणूनच राहिले. रशियात लोक त्याच्या बिया सोलून खात. १८२९ मध्ये व्होरोनेझ प्रदेशातील अलेक्सेयेव्का या वस्तीत दानील बोकारेव्ह या भूदास शेतकऱ्याने बियांपासून तेल काढले. काही वर्षांतच तेथे तेलघाणे उभे राहिले आणि सूर्यफुलाची लागवड शेतात होऊ लागली. ऑर्थोडॉक्स चर्चच्या दीर्घ उपवासकाळात प्राणिज स्निग्ध पदार्थ वर्ज्य असल्याने वनस्पती तेलाला घरोघरी मागणी होती. ही गरज सूर्यफुलाने भागवली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पीक पसरले तसे त्याचे शत्रूही पसरले. पहिला म्हणजे ओरोबँकी कुलातील परजीवी तण. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील तंबाखू उत्पादक ज्याला 'बंबाखू' म्हणतात, त्याच्याच जातकुळीतील हे तण होय. त्याला हिरवी पाने नसतात. ते सूर्यफुलाच्या मुळांना चिकटून अन्नपाणी शोषते. त्याचे धुळीसारखे बारीक बी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. दुसरा शत्रू म्हणजे बियांत शिरून गर खाणारी सूर्यफूल-पतंगाची अळी. या दोहोंमुळे अनेक भागांत शेतकऱ्यांवर पीक सोडून देण्याची वेळ आली. त्या काळी पिकवली जाणारी वाणे ही स्थानिक शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली होती. त्यांची टरफले जाड असत आणि बियांच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग टरफलातच जाई.

क्रुग्लिक येथील प्रायोगिक क्षेत्र

१९१२ मध्ये पुस्तोवोइत यांनी क्रुग्लिक येथे प्रायोगिक व निवड क्षेत्र सुरू केले. प्रारंभी साधने तुटपुंजी होती. गहू व इतर पिकांवरही तेथे काम होई. परंतु हळूहळू सूर्यफूल हे मध्यवर्ती पीक बनले. पहिले महायुद्ध, क्रांती आणि यादवी युद्ध या काळातून हे क्षेत्र टिकून राहिले व पुढे प्रायोगिक केंद्रात रूपांतरित झाले. १९३२ मध्ये याच केंद्राच्या पायावर अखिल संघीय तेलबिया संशोधन संस्था स्थापन झाली. रशियन आद्याक्षरांवरून ही संस्था 'व्निइमक' या नावाने ओळखली जाते आणि तिच्या वाणांच्या नावांतही हीच अक्षरे आढळतात.

पहिल्या टप्प्यातील उद्दिष्ट तेल वाढवणे हे नव्हते, तर पीक वाचवणे हे होते. पतंगापासून संरक्षण देणारा गुणधर्म काही झाडांच्या बियांत निसर्गतःच होता. त्यांच्या टरफलात एक काळा, कठीण थर असतो आणि अळीला तो पोखरता येत नाही. हा थर असलेली आणि परजीवी तणाला दाद न देणारी झाडे निवडून पुस्तोवोइत यांनी 'क्रुग्लिक ए-४१' यांसारखी वाणे तयार केली. साराटोव्ह येथे येव्हगेनिया प्लाचेक आणि दोन खोऱ्यात झ्दानोव्ह हेही अशाच प्रश्नावर काम करीत होते.

परंतु या यशाला मर्यादा होती. प्रतिकारक वाणे पसरल्यावर काही वर्षांतच परजीवी तणाचा अधिक आक्रमक प्रकार पुढे आला आणि जुना प्रतिकार निरुपयोगी ठरला. त्यामुळे वाण एकदा तयार करून थांबता येत नाही, ही गोष्ट सूर्यफुलाच्या पैदासशास्त्रात सुरुवातीलाच स्पष्ट झाली. एकाच शेतात सूर्यफूल पुन्हा घेण्यापूर्वी अनेक वर्षांची फेरपालट ठेवणे हा उपाय वाणाइतकाच आवश्यक मानला जाऊ लागला.

राखीव बियाण्यांची पद्धत

सूर्यफूल हे परपरागीभवन होणारे पीक आहे. एका झाडाचे परागकण बहुधा त्याच झाडावर फळधारणा करीत नाहीत. मधमाश्या ते दुसऱ्या झाडांवर नेतात. म्हणून शेतातील उत्तम झाड निवडून त्याचे बी पेरले, तरी पुढील पिढी तितकीच उत्तम निघेल याची खात्री नसते. त्या बियांची माता ज्ञात असते, पिता अज्ञात असतो. शिवाय एखादे झाड चांगले दिसण्याचे कारण त्याचे आनुवंशिक गुण असू शकतात किंवा त्याला लाभलेली जागा, ओल आणि खत हेही असू शकते. या दोन कारणांमधील फरक ओळखणे हीच निवडीतील खरी अडचण होती.

पुस्तोवोइत यांनी यावर काढलेला मार्ग 'राखीव बियाण्यांची पद्धत' म्हणून प्रसिद्ध आहे. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

१. हजारो झाडांची कणसे स्वतंत्रपणे काढून प्रत्येकाचे बी, टरफलाचे प्रमाण आणि तेलाचे प्रमाण तपासले जाते. त्यांतून सुमारे एक हजार सरस झाडे निवडली जातात.

२. निवडलेल्या प्रत्येक झाडाच्या बियांचे दोन भाग केले जातात. एक भाग पेरणीसाठी वापरतात, दुसरा राखीव म्हणून साठवतात.

३. पेरलेल्या भागातील संततीची वाढ तुलनेसाठी लावलेल्या मानक वाणाच्या ओळींशेजारी पाहिली जाते. उत्पादन, तेल, पक्वता, उंची व रोगप्रतिकार यांच्या नोंदी घेतल्या जातात. सरस ठरलेल्या संततीची दुसऱ्या वर्षी पुन्हा चाचणी होते.

४. चाचणीत उतरलेल्या झाडांचे राखीव बी नंतर इतर सूर्यफुलांपासून दूर, विलग क्षेत्रात एकत्र पेरले जाते. तेथे केवळ निवडक कुळांचाच परस्पर संकर होतो.

५. या संकरातून मिळालेल्या बियांपासून हेच चक्र पुन्हा सुरू केले जाते.

चाचणीच्या शेतात संततीवर इतर झाडांचे परागकण पडले, तरी त्यामुळे राखीव बी बिघडत नाही, हे या पद्धतीचे मर्म होय. झाडाची परीक्षा त्याच्या दिसण्यावरून न करता त्याच्या संततीवरून केली जाते आणि परीक्षेचा निकाल लागेपर्यंत मूळ बी सुरक्षित राहते. मात्र यासाठी प्रत्येक कणसाची वेगळी पिशवी, वेगळा क्रमांक आणि वर्षानुवर्षांच्या अचूक नोंदी लागत. एका चक्राला कित्येक हंगाम जात. पुस्तोवोइत यांनी हे काम अनेक दशके अखंड चालवले.

तेलाच्या प्रमाणात वाढ

१९४० च्या सुमारास सोव्हिएत चाचण्यांतील वाणांच्या बियांत सुमारे ३३ टक्के तेल असे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्कृष्ट वाणांत ते ५० टक्क्यांच्या पुढे गेले. ही वाढ दोन वाटांनी झाली. एक म्हणजे टरफल पातळ होत गेले. बियांच्या वजनातील त्याचा वाटा सुमारे ४० टक्क्यांवरून २० ते २५ टक्क्यांपर्यंत उतरला. दुसरी म्हणजे गरातील तेलाचे प्रमाणही वाढले.

टरफल पातळ झाले म्हणजे किडीपासूनचे संरक्षण घटेल, अशी भीती होती. पुस्तोवोइत यांनी काळा कठीण थर कायम ठेवून बाकीचे टरफल कमी करण्याकडे निवडीचा रोख ठेवला. तसेच तेल वाढवताना हेक्टरी उत्पादन घटू नये, याचीही दक्षता घेतली गेली. तेलाचा टक्का अधिक पण दाण्याचे उत्पन्न कमी असलेले वाण शेतकऱ्याला आणि देशालाही तोट्याचे ठरते; म्हणून चाचणीत हेक्टरी मिळणारे एकूण तेल हा कस लावला जाई. 'व्निइमक ६५४०', 'व्निइमक ८९३१', 'पेरेदोविक', 'स्मेना', 'मायाक' व 'साल्यूत' ही या परंपरेतील प्रमुख वाणे होत.

वाण आणि निविष्ठा

एकच वाण वेगवेगळ्या शेतांत वेगवेगळे फळ देते. कुबानची जमीन खोल, काळी व सुपीक असून हिवाळ्यातील ओल धरून ठेवते. व्होल्गाकाठच्या आणि कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात पाऊस कमी, उन्हाळा कोरडा व हंगाम आखूड असतो. पहिल्या प्रकारच्या जमिनीत उशिरा पक्व होणारी, उंच वाणे ओल व अन्नद्रव्यांचा पुरेपूर उपयोग करून घेतात. दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी दाणे भरण्याच्या वेळीच ओल संपते आणि लवकर पक्व होणारे वाण पुढे जाते. म्हणजेच सुपीक जमिनीतील चाचणीत पहिले आलेले वाण कोरडवाहू शेतात पहिले येईलच असे नाही. त्यामुळे व्निइमक संस्थेत एकाच सर्वश्रेष्ठ वाणाऐवजी निरनिराळ्या पक्वता-कालावधीची वाणे तयार करण्यात आली आणि त्यांच्या चाचण्या निरनिराळ्या प्रदेशांत घेण्यात आल्या.

खतांच्या बाबतीत सूर्यफुलाचा स्वभाव तृणधान्यांपेक्षा वेगळा आहे. त्याचे सोटमूळ खोल जात असल्याने इतर पिकांच्या आवाक्याबाहेरील ओल व अन्नद्रव्ये ते वर आणते. म्हणून कमी निविष्ठांतही ते काही ना काही उत्पन्न देते. परंतु याच गुणामुळे पुढच्या पिकासाठी जमीन कोरडी राहते. नत्र दिल्याने दाण्याचे उत्पन्न वाढते. मात्र ते गरजेपेक्षा अधिक झाल्यास बियांतील प्रथिने वाढून तेलाचा टक्का घटतो, झाडे उंच होऊन लोळतात आणि रोगांना बळी पडतात. पालाश हे पीक मोठ्या प्रमाणात उचलते, परंतु त्याचा बराचसा भाग खोड व पानांत राहतो. ताटे शेतात परत गाडल्यास तो जमिनीला मिळतो. फुलोरा आणि दाणे भरणे या काळातील पाण्याचा ताण सर्वांत अधिक हानिकारक असतो.

या दृष्टीने पाहता उच्च तेलाची वाणे ही स्वस्त सुधारणा होती. शेतकऱ्याने खत, पाणी वा मेहनत न वाढवता केवळ बियाणे बदलले, तरी त्याच वजनाच्या बियांतून अधिक तेल निघत असे. तेलाचे प्रमाण हवामान व खतांनुसार कमी-अधिक होते. तरीही उच्च तेलाचे वाण सामान्यतः साध्या वाणाच्या पुढेच राहते. दाण्याचे उत्पन्न मात्र निविष्ठांवर अधिक अवलंबून असते. वाण जी कमाल मर्यादा आखते, तिच्या किती जवळ जाता येईल हे जमीन, ओल, झाडांतील अंतर, फेरपालट आणि मधमाश्या ठरवतात.

बियाण्याची शुद्धता हीदेखील पुस्तोवोइत यांच्या दृष्टीने एक निविष्ठाच होती. परपरागीभवनामुळे शेतकऱ्याच्या शेतात वाण काही हंगामांतच मिसळते आणि तेलाचा टक्का उतरू लागतो. म्हणून त्यांनी मूळ बियाण्यातही निवड चालू ठेवण्याची आणि शेतांना वरचेवर नवे बियाणे पुरवण्याची व्यवस्था उभी केली. सोव्हिएत संघात तेलाच्या प्रमाणातील वाढ प्रयोगक्षेत्रापुरती न राहता तेलगिरण्यांपर्यंत पोहोचली, यात या व्यवस्थेचा मोठा वाटा होता.

राजकीय काळ

पुस्तोवोइत यांच्या कारकिर्दीचा मध्यकाळ सोव्हिएत जीवशास्त्राच्या दृष्टीने कठीण होता. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांना १९४० मध्ये अटक झाली व १९४३ मध्ये साराटोव्हच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ या काळात क्रास्नोदार जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्रोफिम लिसेंको यांच्या नेतृत्वाखाली कृषी अकादमीने आनुवंशिकीच्या शास्त्रावर बंदी घातल्यासारखीच स्थिती निर्माण केली. अंतःप्रजनित वंशांपासून संकरित वाणे तयार करण्याचे अमेरिकेत रूढ झालेले तंत्र या वातावरणात मागे पडले. पुस्तोवोइत यांचे काम समूह-निवडीवर आधारलेले होते व ते सुरू राहिले. सूर्यफुलात मिळालेले यश मोठे असले, तरी संकरित वाणांच्या दिशेने जाण्यात सोव्हिएत संघाला उशीर झाला, ही या काळाची दुसरी बाजू होय.

परदेशांतील प्रसार

१९६० च्या दशकात पुस्तोवोइत यांची वाणे इतर देशांत गेली. कॅनडाने १९६४ मध्ये 'पेरेदोविक' वाणाला लागवडीची मान्यता दिली. त्यानंतर अमेरिकेच्या उत्तरेकडील मैदानी प्रदेशात तेलासाठी सूर्यफूल लावले जाऊ लागले. अमेरिकेतून युरोपात आणि युरोपातून रशियात गेलेले पीक अशा रीतीने तेलबिया म्हणून आपल्या मूळ खंडात परतले.

भारतात खाद्यतेलाच्या तुटवड्यामुळे १९६९ मध्ये सोव्हिएत संघातून चार वाणे आणण्यात आली. त्यांत 'व्निइमक ८९३१' (ईसी ६८४१३) आणि 'पेरेदोविक' (ईसी ६८४१४) ही दोन पुस्तोवोइत यांच्या परंपरेतील होती. दिवसाच्या लांबीचा सूर्यफुलावर फारसा परिणाम होत नसल्याने खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत ते घेता येते, हे त्याचे आकर्षण होते. दख्खनच्या कोरडवाहू भागात, विशेषतः महाराष्ट्रातील मराठवाडा व सोलापूर तसेच कर्नाटक आणि आंध्र प्रदेशात, या पिकाचा प्रसार झाला.

मात्र पहिल्या वर्षांतील उत्साह टिकला नाही. कणसाच्या मध्यभागी दाणे पोचट राहणे ही सर्वसाधारण तक्रार होती. मधमाश्यांची कमतरता, फुलोऱ्यातील पाण्याचा ताण आणि बोरॉनसारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांचा अभाव ही त्याची कारणे होत. पक्ष्यांचा, विशेषतः पोपटांचा उपद्रवही मोठा होता. शेजारच्या शेतांतील परागकणांमुळे वाणे मिसळून बियाण्याचा दर्जा घसरला. क्रास्नोदारहून वाणे आली होती. बियाणे वरचेवर नवे करणारी तेथील व्यवस्था मात्र त्यांच्याबरोबर आली नव्हती.

संकरित वाणांचे आगमन

१९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील पात्रिस लेक्लेर यांनी रानटी सूर्यफुलाशी केलेल्या संकरातून नरवंध्यत्वाचा स्रोत मिळवला. १९७० मध्ये अमेरिकेतील मरे किनमन यांनी परागक्षमता पुन्हा आणणारी जनुके शोधली. या दोन शोधांमुळे संकरित बियाणे मोठ्या प्रमाणात तयार करणे शक्य झाले. पुस्तोवोइत यांचे निधन झाले त्याच वर्षी, १९७२ मध्ये, असे संकरित वाण अमेरिकेत व्यापारी लागवडीसाठी उपलब्ध झाले. भारतात बंगळूर येथे तयार झालेले 'बीएसएच-१' हे पहिले संकरित वाण १९८० मध्ये प्रसारित झाले.

संकरित वाणांची झाडे एकसारख्या उंचीची असून एकाच वेळी फुलतात व पक्व होतात. त्यामुळे पाणी, फवारणी व काढणी यांचे नियोजन सोपे होते. मधमाश्यांवरील त्यांचे अवलंबित्वही तुलनेने कमी असते. खत आणि पाण्याची सोय असलेल्या शेतात त्यांचे उत्पन्न सरळ वाणांपेक्षा ठळकपणे अधिक येते. हलक्या जमिनीत व अपुऱ्या निविष्ठांवर हा फरक कमी होतो. तेथे दर हंगामाला विकत घ्याव्या लागणाऱ्या बियाण्याचा खर्च निर्णायक ठरू शकतो.

संकरित वाणांमुळे पुस्तोवोइत यांची वाणे शेतातून हळूहळू मागे पडली, पण त्यांचा वारसा संपला नाही. उच्च तेलाची जनुके याच वाणांतून संकरित वाणांच्या पितृवंशांत व मातृवंशांत आली. जगभर वापरला गेलेला 'एचए ८९' हा अमेरिकी वंश 'व्निइमक ८९३१' मधून निवडलेला आहे.

सन्मान

पुस्तोवोइत यांना १९४६ मध्ये स्तालिन पारितोषिक आणि १९५९ मध्ये लेनिन पारितोषिक मिळाले. १९५७ व १९६३ अशा दोन वेळा त्यांना 'समाजवादी श्रमवीर' हा किताब देण्यात आला. १९५६ मध्ये ते अखिल संघीय कृषी विज्ञान अकादमीचे आणि १९६४ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

निधन आणि वारसा

११ ऑक्टोबर १९७२ रोजी क्रास्नोदार येथे पुस्तोवोइत यांचे निधन झाले. त्यांची कन्या गालिना पुस्तोवोइत यांनीही सूर्यफुलाच्या पैदासकार्यात आयुष्य वेचले. त्यांनी रानटी जातींशी, विशेषतः कंदवर्गीय सूर्यफुलाशी संकर करून केवडा, तांबेरा व परजीवी तण यांचा एकत्रित प्रतिकार करणारी वाणे तयार केली. वडिलांच्या काळात सुटत आलेला पण पुन्हा पुन्हा उभा राहणारा रोगप्रतिकाराचा प्रश्न त्यांनी वेगळ्या वाटेने हाताळला.

क्रास्नोदार येथील तेलबिया संशोधन संस्थेला पुस्तोवोइत यांचे नाव देण्यात आले आहे. आंतरराष्ट्रीय सूर्यफूल संघटनेचा या पिकातील संशोधनासाठीचा पुरस्कारही त्यांच्या नावाने दिला जातो.